येसबाचा सागवानी पलंग

ओढ्याकाठच्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं दणकट, कामाला कधी नाही न म्हणणारा. पण सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तसंच करायचा. एकदा पारापाशी त्याला कुणीतरी म्हणालं, “येसबा, जरा थांब, आलोच.” आणि तो माणूस विसरून घरी गेला. येसबा दुपारपर्यंत उभा होता. मधल्या वेळात एकानं त्याच्या हाताला म्हैसही बांधली. येसबानं हात हलवला नाही.

येसबाची बायको चंद्रा. ती होती तोवर सगळं नीट चालायचं, कारण तिला सांगायची रीत माहीत होती. ती काय करायचं ते सांगायची आणि मग काय नाही करायचं तेही सांगायची. पण चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगा झाला. येसबानं त्याला बारशाच्या दिवशी पाहिलं, तेवढंच. तेव्हापासून तो रोज बोटांवर दिवस मोजत होता. दहाच्या पुढं गेला की पुन्हा पहिल्यापासून.

बारशालाच सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. “जावईबापू, बाळ तीन महिन्यांचं झालं की पंचमीला दोघांना घेऊन येते. पण तुमच्या घरात ती एक बाज आहे. तिचे पाय वाळवीनं खाल्लेत. त्याच्यावर माझी लेक नि नातू झोपणार नाहीत. चांगला ऐसपैस पलंग करा. टिकाऊ करा. आणि लेकीला मऊ वाटला पाहिजे. पलंग बघीन, मगच लेक ठेवीन. नाहीतर आल्या पावली परत नेईन.”

“बरं मामी,” येसबा म्हणाला.

येसबाच्या घरापलीकडंच धर्माकाका सुतार राहत होते. हात सोन्याचा, पण गुडघे गेलेले. बसून काय वाटेल ते घडवायचे, चालणं मात्र घरापासून पारापर्यंत. ते म्हणाले, “मी पलंग करतो. पण लाकूड तुला आणावं लागेल. बैलगाडी जुंप, हिराशेठच्या वखारीत जा आणि चांगलं लाकूड बघून आण.”

येसबा वखारीत गेला.

“शेठ, पलंगाला लाकूड द्या. मऊ द्या.”

“मऊ?” हिराशेठनं चष्मा वर केला. “पलंगाला मऊ लाकूड?”

“सासूबाईंनी सांगितलंय.”

येसबानं सागाला नख लावलं. रुतलं नाही. “टोचेल,” तो म्हणाला. शिसवाला लावलं. नखच मोडलं. “हे तर फारच टोचेल.” बाभळीचं नाव ऐकूनच त्यानं हात मागं घेतला. आंब्याच्या फळीवर जरा ओरखडा उठला, तेव्हा त्याला थोडी आशा वाटली. शेवटी पार मागच्या कोपऱ्यात सावरीचा एक ओंडका पडला होता. काड्यापेट्या नि खोकी करायला जातो, तो. येसबानं अंगठा टेकवला. नख सगळंच्या सगळं आत गेलं. येसबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हाच द्या शेठ. चंद्रा सुखानं झोपेल.”

हिराशेठनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ओंडका गाडीत टाकला.

धर्माकाकांनी ओंडक्याकडं पाहिलं, मग येसबाकडं पाहिलं.

“हे काय आहे?”

“मऊ आहे.”

“अरे लेका, सावर म्हणजे वाळवीचा पेढा! दोन वर्षांत पलंगाचा भुगा होईल. मऊ असते ती गादी. नीट ऐक. टिकाऊ वस्तू ओळखायची पहिली खूण नखाची. नख रुतलं की परत. नख रुतणार नाही तेच घ्यायचं. कळलं?”

“कळलं. नख रुतलं की परत.”

“वखारीत नवा साग सोमवारी यायचाय. तोवर एक काम कर. बाजारात कासमभाई पिंजाऱ्याकडं जा आणि चांगली टिकाऊ गादी घेऊन ये. तेवढं तरी जमेल ना?”

“जमेल की.” आणि सबंध वाटभर येसबा पुटपुटत गेला, “नख रुतलं की परत, नख रुतलं की परत.”

कासमभाईंनी पहिली गादी पसरली. येसबानं नख लावलं. रुतलं.

“परत.”

दुसरी पसरली. नुसतं नख नाही, हात मनगटापर्यंत गेला.

“परत. ही तर फारच वाईट.”

“भाऊ, शंभर नंबरी कापूस आहे!”

“असेल. टिकायचा नाही.”

सात गाद्या झाल्या. दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. कासमभाई घाम पुसत म्हणाले, “अरे बाबा, ज्याच्यात नख रुतत नाही अशी गादी मी जन्मात पाहिली नाही. असं माझ्या दुकानात काय असेल तर तो पायरीचा दगड!”

येसबा खाली वाकला. दगडाला नख लावलं. मग दुसऱ्या हाताचं लावून बघितलं.

“हीच द्या.”

कासमभाईंना पायरी तशीही बदलायची होती. त्यांनी दोन माणसं लावून दगड उचलून त्याच्या डोक्यावर दिला.

येसबा दगड घेऊन दीड कोस चालत आला. धर्माकाकांच्या ओसरीवर त्यानं तो अलगद ठेवला, वर आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, “जरा गार आहे. पण उन्हाळ्यात बरं वाटेल.”

धर्माकाकांनी हातातला रंधा खाली ठेवला. मग म्हणाले, “ऊठ. गादीचं मी कासमभाईंना निरोप देऊन बघतो. तू आता गादीचा विचारच करू नकोस. तू लाकूड आण. साग आण. आणि आता सागाचं नीट ऐक. ओलं लाकूड घ्यायचं नाही. ओलं लाकूड वाळताना पिळवटतं, तडकतं, त्याचे सांधे सुटतात. चांगलं वाळलेलं, कोरडं ठणठणीत असेल तेच आणायचं. ओलं ते परत. काय?”

“ओलं ते परत.”

सोमवारी येसबा वखारीत गेला. त्यानं पाच फळ्या आणि पायांसाठी चार ठोकळे निवडले. सगळं साग. सगळं वर्षभर छपराखाली ठेवलेलं, कोरडं. हिराशेठनाही बरं वाटलं. “आज शहाण्यासारखा वागलास,” ते म्हणाले.

वखार आणि गाव यांच्यामध्ये ओढा. पाणी गुडघाभर. गाडी ओढ्यात उतरली, चाकं खळाळली आणि खालच्या फळीवर पाणी उडालं. येसबानं हात लावून बघितलं. ओली होती.

त्यानं गाडी वळवली.

“शेठ, ओली आहे. परत.”

“कशी ओली? कोरडी दिली होती मी!”

“आता ओली आहे.”

हिराशेठनं फळी बदलून दिली. येसबा निघाला. ओढा आला. पाणी उडालं. येसबानं गाडी वळवली.

“शेठ, हीपण ओलीच निघाली.”

तिसऱ्या खेपेला दोन फळ्या ओल्या निघाल्या. चौथ्या खेपेला बैल ओढ्यात जरा जास्त वेळ थांबले, तर सगळ्याच निघाल्या. हिराशेठच्या वखारीपुढं ओल्या फळ्यांची रांग उन्हात वाळत पडली. पाचव्या खेपेला येसबानं काळजीनं विचारलं, “शेठ, एक विचारू? तुमचा माल वखारीत बरा असतो आणि ओढ्यापर्यंत खराब का होतो?”

हिराशेठ उठले. त्यांनी वखारीला कुलूप घातलं आणि स्वतः गाडीत फळ्यांवर चढून बसले. “चल. मीच पोचवतो.”

ओढा आला. पाणी उडालं. येसबानं सवयीनं कासरा ओढला. हिराशेठनं मागून झेप घेऊन कासरा धरला आणि त्या झटापटीत ते बदकन पाण्यात पडले. पुन्हा गाडीत चढले तेव्हा धोतर गुडघ्याला चिकटलं होतं.

येसबानं त्यांच्याकडं पाहिलं. हात लावून बघितलं.

“शेठ,” तो हळूच म्हणाला, “तुम्हांलापण परत नेऊन सोडावं लागेल.”

“गाडी हाक!” हिराशेठ ओरडले. इतक्या मोठ्यानं की बैलांनी आपणहून ओढा पार केला.

धर्माकाकांनी हिराशेठना कोरडं धोतर दिलं, गूळ-पाणी दिलं, माफी मागितली. मग ते येसबाकडं वळले. माणूस चिवट होता. हातातलं काम सोडायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

“येसबा, वरून चार थेंब उडाले म्हणून लाकूड ओलं होत नसतं. ओल आतली. जाऊ दे. आता या फळ्या मागच्या सावलीत रच. एकावर एक ठेव, पण मध्ये काठ्या घाल, म्हणजे हवा खेळते. सगळ्यात वर जड दगड ठेव, म्हणजे एकही पिळवटायची नाही. आठ दिवस हात लावू नकोस. सांग बघू.”

“सावलीत. एकावर एक. मध्ये काठ्या. वर दगड. आठ दिवस हात लावायचा नाही.”

आणि खरं सांगायचं तर येसबानं फळ्या फार सुरेख रचल्या. धर्माकाका काठी टेकत मागं जाऊन बघून आले. काठ्या एका ओळीत, अंतर सारखं. गावातली माणसंही येऊन बघून गेली. येसबा सुधारला, असं दोघातिघांनी बोलून दाखवलं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या शेवंताकाकू डबा घेऊन आल्या. “येसबा, चंद्रासाठी डिंकाचे लाडू केलेत. एकवीस आहेत. ती येईपर्यंत नीट ठेव हो.”

“नीट ठेवतो काकू.”

नीट कसं ठेवायचं, हे येसबा नुकतंच शिकला होता.

आठ दिवसांनी काकू डबा न्यायला आल्या. “लाडू कुठं आहेत?”

“सावलीत.”

येसबाच्या घरामागं पायरीचा तो दगड होता, धर्माकाकांच्या ओसरीवरून उचलून आणलेला. येसबानं तो दोन्ही हातांनी उचलला. खाली एकवीस लाडू होते. मध्ये काठ्या होत्या. लाडवांच्या जाडीत आणि काठ्यांच्या जाडीत आता काही फरक नव्हता.

“बघा काकू,” येसबा म्हणाला, “एकही पिळवटला नाही.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. “मेल्या, तूप घालून घालून वळले होते रे! काय रूप होतं एकेकाचं! रूप तरी बघायचंस! माणसानं कशाचंही आधी रूप बघावं!”

“बरं काकू. आधी रूप बघीन.”

इकडं धर्माकाका कामाला बसले होते. पटाशी चालत होती, रंधा चालत होता, ओसरीभर सागाच्या सालप्यांचा कडवट गोड वास सुटला होता. पंचमी चार दिवसांवर आली तेव्हा उशाकडची एक फळी कमी पडली.

“आज बाजार आहे. एवढी एक फळी आण,” ते म्हणाले. “सागच बघ.”

बाजाराच्या तोंडाशीच एक फिरता विक्रेता फळ्या मांडून बसला होता. एक फळी अशी की तिच्यात तोंड दिसावं. लालसर, गुळगुळीत, चकचकीत. येसबानं तिच्यात तोंड पाहिलं, टोपी सारखी केली आणि म्हणाला, “काय रूप आहे!”

“अस्सल साग, पाव्हणं,” विक्रेता म्हणाला.

धर्माकाकांनी फळीवरून एकदा रंधा फिरवला. लाल रंगाची साल निघाली. खाली पांढरंफटक लाकूड. दुसऱ्यांदा फिरवला तर किड्यांनी पाडलेली भोकं दिसायला लागली आणि एक किडा बाहेर येऊन इकडंतिकडं बघायला लागला.

आता मात्र धर्माकाकांचा आवाज चढला. “येसबा, तुला फसवलं! वरून रंग फासला की सगळंच साग दिसतं. रूपावर जायचं नसतं रे. लाकडाचा गाभा बघायचा! साग असला तरी सालीकडचं पांढरं लाकूड किडतं. टिकतो तो आतला सोनेरी गाभा. आणि तो कापल्याशिवाय दिसत नाही. समोरच्याला म्हणायचं, कापून दाखव. कापून दाखवेल तो खरा. नाही दाखवणार तो ठग!”

“कापून दाखवेल तो खरा,” येसबा हळूहळू म्हणाला. “नाही दाखवणार तो ठग.”

हे वाक्य त्याच्या मनात फार खोल गेलं. कारण ठगानं त्याला नुकतंच ठगवलं होतं. त्याचं त्याला वाईट वाटत होतं.

तो तसाच हिराशेठच्या वखारीत गेला. त्याला लांबून येताना बघूनच शेठनी फळी बाहेर काढली. “कापून दाखवा,” येसबा म्हणाला. शेठनी टोक कापून दाखवलं. आत गाभा, सोनेरी, तेलकट, रेघारेघांचा. “तुम्ही खरे आहात,” येसबा म्हणाला. शेठनी हात जोडले आणि ओढा ओलांडून फळी आपल्या गड्याबरोबर पाठवून दिली.

पंचमीच्या सकाळी पलंग तयार झाला. येसबाच्या मधल्या खोलीत तो उभा राहिला आणि खोली मोठ्या घरातली दिसायला लागली. साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद. खिळा एकही नाही, लाकडात लाकूड बसवलेलं. तेल पिऊन साग मधासारखा दिसत होता. कासमभाईंनी गादीही पाठवली होती. धर्माकाकांनी पलंगावरून शेवटचं फडकं मारलं. म्हणाले, “येसबा, असा पलंग मी पुन्हा करणार नाही. गुडघ्यांत जीव नाही. तुझी नातवंडं झोपतील याच्यावर. मी जेवून येतो.” हत्यारं त्यांनी तिथंच ठेवली. येसबाला त्यांनी सहा आठवड्यांत पुष्कळ काही सांगितलं होतं. ‘मी येईपर्यंत काही करू नकोस’ एवढं सांगायचं मात्र ते विसरले.

थोड्याच वेळात दारात गाडी थांबली. आधी सासूबाई उतरल्या, मग बाळाला घेऊन चंद्रा. येसबा बाळाकडं बघत राहिला. बाळही येसबाकडं बघत राहिलं. दोघांचे चेहरे अगदी सारखे होते.

“आधी पलंग,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पलंग हलवला. हलला नाही. वर बसल्या. करकरला नाही. खाली वाकून पाय पाहिले, सांध्यांवरून बोट फिरवलं, गादी दाबली. सासूबाई सरळ झाल्या.

“जावईबापू, जिंकलंत,” त्या म्हणाल्या. “मला नव्हतं वाटलं. लेक ठेवते मी. चंद्रा, ठेव बाळाला वर.”

बाळ पलंगावर ठेवलं. त्यानं एकदा हातपाय ताणले आणि ते झोपी गेलं. चंद्रानं येसबाकडं बघून डोळे पुसले. शेवंताकाकूंनी पानं वाढली होती. बाळ एकटं पलंगावरून पडायला नको म्हणून चंद्रानं त्याला झोळीत घालून स्वयंपाकघरात नेलं आणि मायलेकी जेवायला बसल्या.

पहिला घास घेता घेता सासूबाईंनी आतूनच विचारलं, “जावईबापू, पण साग खरा आहे ना हो? आमच्याकडं एकाला रंग फासून फसवलं.”

बाहेर येसबा उठल्याचा आवाज आला.

मग येसबा म्हणाला, “मी ठग नाही मामी. दाखवतो.”

“दाखवा सावकाश,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, पावती दाखवणार.

थोड्या वेळानं खर्र खर्र असा आवाज यायला लागला.

“हे काय?” सासूबाईंनी विचारलं.

“धर्माकाका आले असतील,” चंद्रा म्हणाली. “त्यांचं काहीतरी शेवटचं चाललं असेल.”

सासूबाईंचं जेवण निवांत होतं. भात झाला, पोळी झाली, पुन्हा थोडा भात झाला. आवाज मध्ये थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. ताक पिताना तो एकदम थांबला आणि धाडकन काहीतरी पडलं.

दोघी धावत बाहेर आल्या.

येसबा घामानं निथळत उभा होता. हातात करवत. पलंग बरोबर मधोमध आडवा कापलेला होता. दोन्ही अर्धे पुढं वाकून एकमेकांपुढं मुजरा केल्यासारखे पडले होते. गादीही कापली होती, कारण ती मध्ये येत होती. खोलीत सगळीकडं कापूस तरंगत होता.

“बघा मामी,” येसबानं कापलेल्या कडेवर हात ठेवला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. “आरपार साग. गाभाच गाभा. कुठं पांढरं नाही, कुठं किडकं नाही. या बाजूनं बघा, नाहीतर त्या बाजूनं बघा.”

एवढ्यात धर्माकाका काठी टेकत दारात आले. त्यांनी पाहिलं. उंबऱ्यावर बसले आणि नुसता हात पुढं केला. येसबानं त्यांना करवत दिली.

“चंद्रा!” सासूबाई ओरडल्या. “उचल बाळ! आल्या पावली परत!”

चंद्रानं आत जाऊन झोळीतलं बाळ उचलून आणलं. दाराकडं दोन पावलं गेली. मग वळली. तिनं वर आढ्याकडं पाहिलं, घराच्या खांबांकडं पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

“नको आई. मी इथंच राहते. मी गेले आणि यांना कुणी विचारलं, घराचे खांब कशाचे, तर घर खाली यायचं.”

सासूबाई मटकन खाली बसल्या. केसांतला कापूस काढत म्हणाल्या, “अशा माणसाजवळ लेकरू ठेवून मी कुठं जाऊ? वर्षभर तरी मलाच इथं राहावं लागणार!”

“राहा की मामी,” येसबा मनापासून म्हणाला. “जागेची काळजी करू नका. उशाकडचा पलंग तुमचा, पायाकडचा आमचा.”